तिशी ओलांडलेल्या हत्तिणीला आता पिल्लू होईल का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका संस्थानात लहानपणापासून वाढलेली हत्तीण आहे, वय बत्तीसच्या आसपास. नराशी तिची कधीच गाठ पडलेली नाही. गेल्या वर्षभरात दोन-तीन वेळा लघवीतून रक्ताचे धागे दिसले आणि काही दिवसांत आपोआप थांबले. माहूतचाचा म्हणतात, माजावर येते म्हणून रक्त पडतं, एक पिल्लू झालं की सगळं सुरळीत होईल. भाविकांनाही संस्थानात पिल्लू बघायचंय. मग सीमेपलीकडच्या मठातला नर आणावा, की आजरा-चंदगडच्या टस्करच्या, म्हणजे रानटी सुळेवाल्या नराच्या, वाटेवर हिला काही दिवस सोडावं, की कृत्रिम रेतन करावं? आणि ती वांझ आहे की नाही हे कळणार कसं?

पिल्लाचा विषय बाजूला ठेवा आणि रक्ताचा आधी बघा, हे माझं उत्तर. कारणं सविस्तर देतो, कारण विश्वस्तांच्या बैठकीत तीच तुम्हाला पुन्हा सांगावी लागतील.

चाचांचा समज कुठून आला ते उघड आहे. गाय माजावरून उतरली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शेपटीला रक्त लागलेलं दिसतं, हे आपल्याकडे गोठ्यातल्या पोरालाही माहीत असतं. हत्तिणीत तसं काही नसतं. तिचा माज अगदी गुपचूप असतो. ना हंबरणं, ना सोट (चिकट स्राव) टाकणं, ना रक्त. नराला तो कळतो तो वासावरून. माजावरच्या आशियाई हत्तिणीच्या लघवीत एक विशिष्ट रसायन असतं, रासमुसेन आणि सहकाऱ्यांनी ते १९९६ मध्ये ओळखलं, आणि गंमत म्हणजे काही पतंगांच्या माद्याही नराला बोलवायला तेच रसायन वापरतात. नर सोंडेचं टोक लघवीत बुडवून टाळूला लावतो आणि त्याला समजतं. जन्मभर हत्तिणीजवळ झोपणाऱ्या माहुतालाही ते समजत नाही. त्यामुळे हत्तिणीच्या लघवीत रक्त दिसलं तर ते माजाचं नाही, दुखण्याचं आहे, असंच धरून चालायचं.

आता हे रक्त येतं कुठून? इथे हत्तिणीची रचना समजून घ्यावी लागते. गाई-म्हशीत योनिद्वार शेपटीखाली असतं. हत्तिणीत ते खाली उतरून मागच्या दोन पायांच्या मधे, जवळजवळ पोटाच्या रेषेत येतं. तिथून वर ओटीपोटाच्या हाडापर्यंत मीटरभर, कधी त्याहून लांब अशी एक नळी जाते. मूत्राशयाचं तोंड या नळीच्या वरच्या टोकाला उघडतं आणि योनीचं तोंडही तिथेच. म्हणजे लघवी असो की गर्भाशयातून आलेलं काही असो, बाहेर पडायची वाट एकच. गर्भाशयातलं रक्त त्या लांब नळीत साठून राहतं आणि लघवीच्या धारेबरोबर वाहून येतं. बघणारा म्हणतो, लघवीतून रक्त आलं, मूतखडा असेल. मूतखडा असूही शकतो. मूत्राशयाचा दाह असू शकतो, त्या नळीच्या अस्तरावर गाठ किंवा जखम असू शकते. पण तिशीतली, कधीही न व्यालेली आशियाई हत्तीण म्हटल्यावर माझा पहिला संशय गर्भाशयातल्या गाठींवर जातो. बायकांमध्ये ज्यांना फायब्रॉइड म्हणतात, तशाच स्नायूंच्या गाठी.

या गाठी का होतात, यातच तुमच्या बाकीच्या प्रश्नांची अर्धी उत्तरं आहेत. हत्तिणीचं माजाचं एक चक्र साधारण चौदा ते सोळा आठवड्यांचं. जंगलात हत्तीण वयात आली की लवकरच गाभण राहते. वीस ते बावीस महिने गर्भ, मग दोन-तीन वर्षं पिल्लू अंगावर पितं आणि त्यातला बराच काळ माज बंद असतो, मग पुन्हा गाभण. चार-पाच वर्षांनी एक वेत. अशा हत्तिणीच्या आयुष्यात रिकामी जाणारी चक्रं हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकी. तुमची हत्तीण बाराव्या वर्षी वयात आली असं धरा. वर्षाला तीन चक्रं, वीस वर्षांत साठ. साठ वेळा गर्भाशयाने तयारी केली, साठ वेळा हार्मोन वर गेले आणि खाली आले, आणि एकदाही गर्भ राहिला नाही. बर्लिनच्या लाइबनिट्झ संस्थेतल्या हर्मेस, हिल्डेब्रांट आणि गोरिट्झ यांनी २००४ मध्ये नेमकं हेच मांडलं: सततच्या रिकाम्या चक्रांमुळे बंदिस्त हत्तिणीची जननसंस्था तिच्या वयाच्या फार आधी म्हातारी होते. गर्भाशयाच्या भिंतीत गाठी, अस्तरात पाण्याच्या पुटकुळ्या, बीजांडांतला साठा लवकर आटणं. आफ्रिकन हत्तिणीत बंदिवासात माज पूर्ण बंद पडण्याचं प्रमाण बरंच आहे. आशियाई हत्तिणीत ते कमी, पण गाठींचं दुखणं जास्त.

म्हणून 'वांझ' हा शिक्का मला पटत नाही. तुमच्या हत्तिणीला कुणी संधीच दिली नाही. बाराव्या ते विसाव्या वर्षात तिला नर आणि कळप मिळाला असता तर ती बहुधा आई झाली असती. दक्षिणेतल्या वन विभागाच्या कॅम्पांत हे रोजचं आहे. तमिळनाडूत मुदुमलाईतल्या थेप्पकाडूला, कर्नाटकात सक्रेबैलला दिवसभर काम करून घेतात आणि रात्री पायात साखळी ठेवून हत्तिणींना जंगलात चरायला सोडतात. सकाळी माहूत साखळीच्या खुणेवरून शोधत जातो. रात्री रानटी नर येतो आणि आपलं काम करून जातो. कुणी रेतन करत नाही, कुणी हार्मोन मोजत नाही, आणि कॅम्पात पिल्लं जन्मत राहतात. देवळातल्या, मठातल्या, सर्कशीतल्या हत्तिणींना मात्र पिल्लं जवळजवळ होतच नाहीत. जनावर तेच, राहणी वेगळी.

आपल्याकडे याची फारशी चर्चा कधी झाली नाही, त्यालाही कारण आहे. कोल्हापूरचं हत्तीप्रेम साठमारीतून आलेलं. मदावर आलेला नर, त्याला चिथावून चुकवणारे साठमार, शाहू महाराजांचा हत्तीखाना. मदाची लक्षणं, नर कधी सोडायचा, कधी जखडायचा, यावर जुनी माणसं तासभर बोलतील. हत्तिणीच्या गर्भाशयाबद्दल विचाराल तर गप्प. शिवाय मठातली हत्तीण शांत असते म्हणूनच मठात असते, आणि शांत जनावराला काही दुखत असेल असं कुणाच्या मनात येत नाही.

मग आता पिल्लू का नको? बत्तिसाव्या वर्षी पहिलं बाळंतपण हे हत्तिणीच्या जिवावरचं काम आहे. म्यानमारच्या लाकूड कॅम्पांतल्या हत्तिणी पन्नाशीपर्यंत वितात हे खरं, पण त्यांचं पहिलं वेत विशीच्या आतबाहेर झालेलं असतं. पहिलटकरणीत योनीच्या तोंडाशी एक पडदा असतो, त्यात बोट जाईल एवढंच छिद्र. नराशी मिलन झालं तरी तो फाटत नाही, कारण नर वीर्य त्या लांब नळीतच सोडतो, आत योनीपर्यंत पोचतच नाही. पडदा फाटतो तो पहिल्या बाळंतपणात. पिल्लू शंभर किलोच्या आसपासचं. ते ओटीपोटाच्या हाडावरून वर चढतं, शेपटीखाली मोठा फुगवटा दिसतो, मग वळण घेऊन खाली नळीतून बाहेर पडतं. वय झालेल्या, जाड झालेल्या, दिवसरात्र सिमेंटवर उभ्या असलेल्या हत्तिणीत हे वळण अनेकदा पार होत नाही. अडलं तर आपल्या हातात काय असतं? कॅल्शियम, आणि गर्भाशयाचं तोंड उघडलंय याची खात्री असेल तरच ऑक्सिटोसिन. तोंड बंद असताना ऑक्सिटोसिन दिलं तर गर्भाशय फुटतं. सिझेरियनचे प्रयत्न जगात झाले, त्यात हत्तिणी वाचल्या नाहीत. शेपटीखाली छेद घेऊन मेलेलं पिल्लू काढायची शस्त्रक्रिया होते, ती जखम महिनोन् महिने भरत नाही. काही वेळा मेलेलं पिल्लू पोटातच ठेवून हत्तीण जगवावी लागते.

समजा सगळं नीट झालं. एकटी वाढलेली हत्तीण, जिने दुसरं बाळंतपण कधी बघितलेलं नाही, ती पिल्लाला घाबरते. पहिल्या तासात पिल्लाला तुडवल्याचे, सोंडेने भिरकावल्याचे प्रकार बंदिवासात होतात. कळपात म्हाताऱ्या हत्तिणी मधे पडतात, मठात कोण मधे पडणार? आणि वाढलंच पिल्लू, तर वर्ष-दोन वर्षांत हत्तींच्या हर्पीस विषाणूचा धोका आहेच. चांगलं हिंडणारं-खेळणारं पिल्लू एक-दोन दिवसांत जातं.

नर आणण्याबद्दल. हत्ती वन्यजीव कायद्याच्या अनुसूची एकमधला, म्हणजे सर्वांत कडक संरक्षण असलेला प्राणी. त्या कायद्याखालच्या मालकी प्रमाणपत्राशिवाय आणि २०२४ च्या स्थलांतर नियमांनुसार परवानगी घेतल्याशिवाय तो एका राज्यातून दुसऱ्या राज्यात हलवता येत नाही. कागद झाले तरी मस्तीतला नर ठेवायला तुमच्याकडे जागा नाही, माणसं नाहीत. ट्रकमधून उतरलेला अनोळखी नर आणि आयुष्यात नर न बघितलेली हत्तीण, दोघांना एका आवारात सोडणं ही कल्पनाच मला झेपत नाही.

टस्करचं तर नावच काढू नका. आजरा-चंदगडकडे कर्नाटकातून आलेले हत्ती गेली वीसेक वर्षं फिरताहेत हे सगळ्यांना माहीत आहे. पण तिथे वन विभागाचा कॅम्प नाही, साखळी ओढत चरायला मोठं सलग रान नाही, आहेत ते ऊस, काजू आणि नाचणीचे तुकडे आणि वैतागलेले शेतकरी. शिवाय माणसांत राहणाऱ्या हत्तींना माणसाकडून टीबी लागतो. सोंडेच्या धुवणाची तपासणी न करता अशी हत्तीण रानटी हत्तीच्या जवळ नेणं म्हणजे त्याच्या अंगावर रोग घालणं.

कृत्रिम रेतन ऐकायला सोपं वाटतं. आशियाई हत्तिणीत त्यातून पहिलं पिल्लू जन्मलं ते १९९९ मध्ये, अमेरिकेत मिसुरीतल्या स्प्रिंगफील्डच्या प्राणिसंग्रहालयात. थायलंडला ते २००७ मध्ये जमलं. हत्तिणीत एलएच हे हार्मोन एका चक्रात दोनदा उसळतं. पहिल्या उसळीत बीज सुटत नाही, तीन आठवड्यांनी दुसरी येते तेव्हा सुटतं. पहिली पकडली की दुसरीचा दिवस काढता येतो, आणि तेवढ्या एक-दोन दिवसांत एंडोस्कोपच्या नजरेखाली त्या लांब नळीतून, त्या बोटभर छिद्रातून कॅथेटर आत घालून ताजं वीर्य सोडायचं. त्यासाठी महिनोन् महिने रक्ततपासणी, प्रशिक्षित नर, परदेशी तंत्रज्ञ. आणि एवढं करून प्रश्न तोच राहतो, बत्तिसाव्या वर्षीच्या पहिल्या बाळंतपणाचा.

तर तुम्ही करायचं काय, ते आता सांगतो.

पहिली गोष्ट, रक्त नीट बघा. सकाळी उठल्यावर हत्तीण पहिली मोठी धार सोडते. लांब दांड्याला बांधलेलं पांढरं एनॅमलचं घमेलं चाचांना खाली धरायला लावा. हत्तीची लघवी मुळात गढूळ, चुनखडीच्या पाण्यासारखी असते, त्याला घाबरू नका. रक्त धारेच्या सुरुवातीला येतं की शेवटी, पातळ आहे की गुठळ्या आहेत, वास मारतो का, हे लिहा. सुरुवातीला गुठळ्या आणि मग स्वच्छ लघवी असेल तर रक्त नळीत साठलेलं, म्हणजे वरून गर्भाशयातून किंवा नळीतूनच. शेवटच्या थेंबांना लाल असेल तर मूत्राशयाकडे लक्ष द्या. तारीख लिहायला विसरू नका. साधारण चौदा-पंधरा आठवड्यांच्या अंतराने रक्त येतंय असं वहीत दिसलं, तर ते चक्राशी बांधलेलं आहे, आणि गाठींचा संशय आणखी पक्का होतो. चाचांच्या म्हणण्यात तेवढा धागा खरा निघू शकतो.

दुसरी, रक्ततपासणी. कानाच्या मागच्या बाजूला जाड शिरा असतात. पहाटेच्या गारव्यात त्या आकसलेल्या असतात, म्हणून कान कोमट पाण्याने पुसायचा, दोन मिनिटं थांबायचं, शीर उठते. चाचा सोंडेशी उभे राहून केळ्याचे तुकडे देतात, कान एका हाताने पुढे धरतात, आणि सुई पातळ फुलपाखरी वापरली तर हत्तीण पापणीही हलवत नाही. रोज कानाला हात लावायची सवय आधी महिनाभर घाला, सुई नंतर. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, असं निदान पाच महिने रक्त घेतलं की प्रोजेस्टेरॉन या हार्मोनचा आलेख निघतो. वर-खाली होत असेल तर माज चालू आहे. सपाट असेल तर बंद. एकाच वेळच्या रक्तावरून कुणी सांगत असेल तर ऐकू नका. सुई नकोच असेल तर लिदीतूनही हार्मोन मोजता येतात, हैदराबादच्या लाकोन्स या वन्यजीव प्रयोगशाळेत या प्रकारचं काम होतं. त्याच रक्तातून हिमोग्लोबिन बघा, कारण थोडं थोडं रक्त वर्षानुवर्षं गेलं तर एवढ्या मोठ्या जनावरालाही पंडुरोग होतो.

तिसरी, सोनोग्राफी. ही हत्ती तपासण्यात हात बसलेल्या माणसाकडूनच. त्रिशूरच्या मण्णुत्तीला केरळ पशुवैद्यक विद्यापीठाचं हत्ती अभ्यास केंद्र आहे, शिरवळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आपल्याला जवळ आहे, त्यांच्यामार्फत विचारा. आधी कोमट पाण्याच्या नळीने गुदाशय रिकामा करतात, मग खांद्यापर्यंतचा हातमोजा घालून प्रोब आत नेतात. गर्भाशय इतकं खोल असतं की नुसत्या हाताला पोचत नाही, प्रोबला दांडी जोडावी लागते. गाठी असतील तर गोल, गडद, कडेने स्पष्ट दिसतात.

एक गोष्ट मात्र होऊ देऊ नका. जवळचे डॉक्टर आपुलकीने येतील आणि गाईसारखं गर्भाशय धुवायला, आत गोळी ठेवायला बघतील. न व्यालेल्या हत्तिणीत ते आत जातच नाही, नळीला इजा तेवढी होते. माज आणण्यासाठीची इंजेक्शनंही नकोत.

गाठी निघाल्या तर? बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात. गर्भाशय काढून टाकणं हत्तिणीत व्यवहार्य नाही. माजाचं चक्र चालवणाऱ्या जीएनआरएच या हार्मोनविरुद्धची लस देऊन चक्र बंद पाडण्याचा उपाय परदेशात आशियाई हत्तिणीवर झाला आहे. चक्र थांबलं की गाठींना मिळणारं खतपाणी थांबतं. तुमच्या हत्तिणीसाठी मी पिल्लापेक्षा या दिशेचा विचार करेन, अर्थात सोनोग्राफी बघून आणि वन विभागाला कळवून.

खाण्याकडेही बघा. आपल्या जिल्ह्यात हत्तीला गुळाची ढेप देणं पुण्याचं समजतात. वर केळी, नारळ, पेढे, चपात्या, भात. जाड हत्तिणीचं हार्मोनचं गणित बिघडतं आणि सांधे जातात. तिच्याकडे मागून बघा, कमरेचं हाड नुसतं जाणवायला हवं, चरबीत बुडालेलं नको. कानशिलावरचा खळगा पूर्ण भरून आला असेल तर गूळ आजच बंद. उसाचं वाढं चालेल पण तेच एक नको, त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम बांधून ठेवतं. गवत, वडा-पिंपळाचे डहाळे, बांबू, रोज दीडशे किलोच्या पुढे हिरवं, आणि ते गिळायला नव्हे, सोलायला आणि तोडायला वेळ लागेल असं. रोज मातीवरून चालणं हवंच.

ती गाभण नाही हे तुम्हाला पक्कं माहीत आहे, कारण नरच नाही. पण नर जवळपास असलेल्यांसाठी सांगतो: हत्तिणीचं गाभणपण डोळ्यांनी ओळखण्याच्या भरवशावर राहू नका. सप्टेंबर २०२२ मध्ये दसऱ्यासाठी म्हैसूरच्या राजवाड्यात आणलेली लक्ष्मी तिथेच व्याली. रोज तिच्याभोवती एवढे जाणकार लोक असूनही. नंतर तिकडे मिरवणुकीच्या हत्तिणींची आधी तपासणी करू लागले.

शेवटची शंका तुम्ही आडून विचारली आहे, की डॉक्टर बोलावला की कागद तयार होतो आणि कागद झाला की हत्तीण जाते. नांदणीच्या मठातली हत्तीण महादेवी जुलै २०२५ मध्ये जामनगरच्या वनतारा केंद्रात गेल्यापासून ही धास्ती प्रत्येक संस्थानात आहे, मला ती समजते. त्या प्रकरणात मी पडत नाही. पण रक्त लपवून ठेवलेली हत्तीण उद्या बसली आणि उठलीच नाही, तर जो कागद होईल तो शवविच्छेदनाचा असेल. त्यापेक्षा दर आठवड्याचा आलेख, वजन, सोनोग्राफीचा अहवाल आणि चाचांची वही ही फाईल तुमच्या हातात असलेली बरी.

रक्ताचा वार सोमवार ठेवा. सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर वर राहणारं पाणी, त्याच सकाळी वेगळं करून बर्फात घालून कुरिअरला दिलं की आठवडा संपायच्या आत पोचतं. शुक्रवारी पाठवलं तर रविवारभर गोदामात उन्हात पडून राहतं आणि येणारा आकडा काही कामाचा नसतो.